घराचा पंचनामा झाला, पोरांचा राहिला

चिपळूणच्या एका सखल भागात भाड्याच्या खोलीत राहणारी आई आणि तिची तीन मुलं, यांचं हे २०२१च्या पुरानंतरचं प्रकरण. थोरली मुलगी तेव्हा १४ वर्षांची, नववीत. मधला मुलगा ११ वर्षांचा, सहावीत. धाकटी ५ वर्षांची, अंगणवाडीतली. वडील रिक्षा चालवायचे. मे २०२१मध्ये कोविडच्या दुसऱ्या लाटेत ते गेले. आई एका खानावळीत चपात्या लाटायची. कुटुंबाची ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत आणि गावं तालुक्यापुरतीच सांगितली आहेत.

वडिलांचं वर्षश्राद्धही व्हायचं होतं, तेवढ्यात २२ जुलै उजाडला. आदल्या रात्रीपासून पाऊस हटत नव्हता. वाशिष्ठी आणि शिवनदी दोन्ही चढल्या, वर भरतीची वेळ. कोयनेच्या वीजनिर्मितीनंतरचं पाणी कोळकेवाडीमार्गे वाशिष्ठीतच उतरतं. त्या दिवशी कशामुळे किती पाणी चढलं यावर शहरात अजून भांडणं होतात, ती इथे नकोत. या घरापुरतं महत्त्वाचं एवढंच की सगळे २००५च्या पुराची खूण धरून बसले होते. आईने कागदपत्रांची पत्र्याची पेटी त्या खुणेच्या हातभर वर, माळ्यावर ठेवली होती. पाणी माळ्याच्या वर गेलं. रेशनकार्ड, आधार, मुलांचे जन्मदाखले, वडिलांचा मृत्यूचा दाखला, त्यांचे कोविडचे रिपोर्ट, सगळ्याचा लगदा झाला. माणसं मात्र वाचली. शेजारच्या इमारतीच्या दुसऱ्या मजल्यावर एका शेजारणीच्या घरात त्यांनी दिवस आणि रात्र काढली.

पाणी ओसरल्यावर आई गाळ काढायला लागली. पायाला पत्र्याची जखम होती. काही दिवसांनी ताप, मग लघवी कमी, डोळे पिवळे. लेप्टोस्पायरोसिस. उंदरांच्या मुतातले जंतू पुराच्या पाण्यातून आणि चिखलातून जखमेवाटे शरीरात जातात, म्हणून पुरानंतर डॉक्सिसायक्लिनच्या गोळ्या वाटतात. तिला त्या मिळाल्याही होत्या. तिने त्या थोरलीसाठी ठेवून दिल्या. मूत्रपिंडांवर आलं, डायलिसिस करावं लागलं, ती जगली. पण बरेच आठवडे ती घर चालवण्याच्या स्थितीत नव्हती.

मुलांची वाटणी रुग्णालयाच्या व्हरांड्यात झाली. थोरली मामाकडे, गुहागर तालुक्यात. मधला चुलत्याकडे, खेड तालुक्यात लोट्याच्या एमआयडीसीजवळच्या एका खोलीत. धाकटीला कुणी लगेच न्यायला तयार नव्हतं, तेव्हा ती शेजारीण तिला आपल्याबरोबर दापोली तालुक्यातल्या माहेरी घेऊन गेली. तीन मुलं, तीन तालुके. यात कुणी वाईट वागलं नाही. जो तो आपल्या ऐपतीप्रमाणे उचलून घेऊन गेला, कोकणात असंच होतं.

यादीत नसलेली मुलं

पुरानंतर कुटुंबामागे १० हजार रुपयांची तातडीची मदत जाहीर झाली होती. तिच्यासाठी पंचनामे सुरू होते. पथक आलं तेव्हा खोलीला कुलूप होतं. घरमालकाने सांगितलं, भाडेकरू सोडून गेले. घराच्या पडझडीचं जे मालकाला मिळायचं ते मालकाच्या नावाने नोंदलं गेलं. कपडे-भांड्यांची मदत ज्यांची वाहून गेली त्यांना मिळायची, पण ते समोर नव्हते. संस्था आणि मंडळं शाळकरी मुलांना दप्तरं-वह्या वाटत होती, तीही गल्लीगल्लीत घरं धरूनच.

मला या प्रकरणात सगळ्यात जास्त खटकतं ते हे. आपली मदत घराच्या मागून जाते आणि मूल नात्याच्या मागून जातं. ज्या वाडीत मुलं गेली तिथे पूर आलेला नव्हता, म्हणून तिथल्या यादीत ती नाहीत; जिथे पूर आला तिथे ती राहिली नाहीत. मूल हरवलं तर पोलीस ठाण्यात नोंद होते, अनाथ झालं तर वर्तमानपत्रात फोटो येतो. मामाकडे गेलेल्या मुलाची नोंद कुठल्याच रकान्यात होत नाही.

एरवी एक यादी असते, तिच्यात हे लगेच दिसलं असतं: शाळेची हजेरी. पण २०२१च्या त्या पावसाळ्यात चिपळूणच्या शाळेचे वर्ग भरतच नव्हते. अभ्यास फोनवर होता, आणि फोन पाण्यात गेले होते. वर्गशिक्षिकेच्या लेखी अर्धा वर्ग तसाही ‘ऑफलाइन’ होता.

४ ऑक्टोबरला राज्यातल्या शाळा उघडल्या, ग्रामीण भागात पाचवीपासून आणि शहरी भागात आठवीपासून. थोरलीच्या वर्गाची हजेरी झाली, ती नव्हती. बाईंनी आधीच्या फोनवर चार-पाच दिवस प्रयत्न केला, मग मैत्रिणींना विचारलं, आणि आम्हाला, म्हणजे पूरग्रस्त मुलांसाठी काम करणाऱ्यांना, फोन केला. मधल्याचा वर्ग शहरी भागातला सहावीचा, म्हणजे बंदच. नववीतली थोरली बहीण नसती, तर या कुटुंबाचा पत्ता डिसेंबरपर्यंत कुणाला लागला नसता.

थोरली

मामाच्या घरी मामीचं बाळंतपण होतं. विहिरीवरून पाणी, चुलीचं, बाळाचे कपडे, सगळं थोरलीवर. मारहाण नाही, उपाशी ठेवणं नाही. उलट मामी तिचं कौतुक करायची, ‘हाताला चांगली आहे’. कौतुक हा या वयाच्या मुलीसाठी मोठाच सापळा असतो, कारण त्यातून सुटून जाणं कृतघ्नपणाचं वाटतं. ती आमच्याशी बोलली तेव्हा स्वतःबद्दल एक वाक्य बोलली नाही. धाकटीला खोकला आहे का, एवढंच विचारत राहिली.

गावातली शाळा उघडली होती, पण तिला तिथे बसवलेलं नव्हतं, कारण ‘दाखला पाण्यात गेला’. शिक्षण हक्क कायदा २००९ सांगतो की दाखल्यासाठी उशीर झाला म्हणून प्रवेश अडवता येणार नाही. पण तो कायदा ६ ते १४ वयोगटाचा आणि आठवीपर्यंतचा. नववीतली मुलगी नेमकी त्याच्या कुंपणाबाहेर राहते. गळती सगळ्यात जास्त ज्या वयात होते तिथेच हा हात सुटतो. जुन्या शाळेच्या मुख्याध्यापकांनी दाखल्याची दुसरी प्रत तत्परतेने काढून दिली म्हणून निभावलं.

दुसरी गोष्ट मामीच्या बोलण्यातून निघाली. गणपतीत मुंबईहून आलेल्या एका चाकरमान्याच्या घरून थोरलीसाठी विचारणा झाली होती. मुलगा सत्तावीस वर्षांचा. मामाचं म्हणणं असं की बाप नाही, आई आजारी, मुलगी मार्गाला लागली तर एक ओझं कमी. १८ वर्षांखालच्या मुलीचं लग्न हा गुन्हा आहे आणि गावात ग्रामसेवक हाच बालविवाह प्रतिबंधक अधिकारी असतो, हे मामाला माहीत नव्हतं. ग्रामसेवक आणि अंगणवाडी सेविका दोघांनी येऊन ते त्याच्या पडवीत बसून सांगितलं. पण खरं सांगायचं तर स्थळ मोडलं ते मामीमुळे. तिला घरातले कामाचे हात इतक्यात जाऊ द्यायचे नव्हते. त्याच कारणाने पुढे तिने थोरलीला आईकडे पाठवायलाही महिना लावला.

मधला

चुलता एका कारखान्यात ठेकेदारीवर. खोली एक, माणसं पाच, मधला सहावा. लोटे ग्रामीण भागात येतं, म्हणजे तिथली सहावी ४ ऑक्टोबरलाच सुरू झाली होती आणि याला तर शिक्षण हक्क कायदा पूर्ण लागू. त्याला दाखल्याशिवाय वर्गात बसवणं शाळेचं कर्तव्य होतं. चुलता शाळेत गेलाच नव्हता, त्याला वाटलं दाखला नाही म्हणजे प्रवेश नाही. दिवसभर पोरगा घरी नको म्हणून हायवेवरच्या चहाच्या टपरीवर बसवला होता. ‘बसवला’ म्हणजे ग्लास विसळायला. टपरी घरची नव्हती, त्यामुळे घरच्या धंद्यात हातभार लावण्याची कायद्यातली सवलतही इथे लागू होत नव्हती. टपरीवाल्याला समज दिल्यावर त्याने दुसऱ्या दिवशी सोडलं. शाळेत नाव आठवड्याभरात लागलं.

त्याचं वागणं मात्र चुलतीला कोड्यात टाकणारं होतं. पाऊस वाढला की तो काही न बोलता खोलीतल्या वस्तू उचलून माळ्यावर चढवायचा. आधी पिठाचा डबा, मग चुलत भावाची पुस्तकं, मग चपला. रात्री दोन वाजतासुद्धा. एकदा मार खाल्ला, तरी पुढच्या सरीला तेच. पहिल्या काही दिवसांची बडबड किंवा रडणं लोक समजून घेतात. तीन महिन्यांनी चपला माळ्यावर ठेवणारा मुलगा खोडकर किंवा वेडसर ठरतो. समुपदेशकाने चुलतीला दोनच गोष्टी सांगितल्या: अडवू नका, आणि पाऊस ओसरला की सामान खाली उतरवायलाही त्यालाच सांगा, म्हणजे चढवणं कुठेतरी संपतं हे त्याला दिसेल. पुण्या-मुंबईहून आलेल्या काही पथकांनी मुलांना पहिल्याच भेटीत ‘पुराचं चित्र काढा’ म्हणून बसवलं होतं, तसं आम्ही केलं नाही. पुन्हा न येणाऱ्या माणसाने मुलाच्या मनातलं झाकण उघडू नये, असं माझं मत आहे.

धाकटी आणि शेजारीण

सर्वांत सुखात होती ती धाकटी, आणि कायद्याच्या दृष्टीने सर्वांत अडचणीतही तीच.

शेजारीण कोकणी मुसलमान, नवरा आखातात, मूल नाही. धाकटी पुराच्या आधीपासून तिच्या घरी खेळायला जायची, तिला खाला, म्हणजे मावशी, म्हणायची. दापोली तालुक्यातल्या गावात अंगणवाडीताईने कागद न मागता तिचं नाव घातलं होतं, वजन-उंची नोंदली होती. तिन्ही मुलांमध्ये सरकारी वहीत नाव असलेली ही एकटीच. गाल भरले होते. ऑक्टोबरपर्यंत ती खालाला अधूनमधून आई म्हणायला लागली होती.

शेजारणीने आमच्यासमोर एक स्टॅम्पपेपर ठेवला. आई रुग्णालयात असताना कुणीतरी मध्यस्थाने करून दिलेलं ‘दत्तकपत्र’, नोटरीसकट. आईची सही होती. आईला विचारलं तर ती म्हणाली, ‘मी मेले असते तर पोरगी कुणाच्या दारात गेली असती? निदान ही तिला जीव लावते.’ डायलिसिसच्या खाटेवर केलेली सही होती ती.

असा कागद कायद्यात शून्य असतो. मूल सोडून द्यायचं असेल तर पालकाला बाल कल्याण समितीसमोर (मुलांचा ताबा आणि काळजी यावर निर्णय देणारी जिल्ह्याची समिती) यावं लागतं, फेरविचाराला दोन महिने मिळतात, आणि मग दत्तक विधान ठरलेल्या प्रक्रियेनेच होतं. परस्पर मूल देणं-घेणं हा गुन्हा आहे. शेजारणीवर तक्रार करायला सांगणारे मिळाले. त्यांत मामा पुढे होता. इतके महिने ज्याने धाकटीची चौकशी केली नव्हती, त्याला आता ‘पोर त्यांच्यात वाढतेय’ याची काळजी लागली होती. आम्ही तो कागद लपवला नाही आणि पोलिसांतही नेला नाही. समितीपुढे ठेवायचा ठरवला, शेजारणीसह.

वसतिगृहाचा प्रस्ताव

याच सुमारास एका दात्याचा निरोप आला: तिन्ही मुलांना शहरातल्या वसतिगृहात ठेवतो, बारावीपर्यंतचा खर्च माझा. मुलगा एका संस्थेत, मुली दुसऱ्या. आईला हे पटलं होतं. तिला ते स्वाभाविक वाटत होतं, कारण आपल्याकडे पैसे नाहीत म्हणजे मुलं वाढवायचा हक्कही नाही, हे तिने मनात धरलेलं होतं.

बाल न्याय अधिनियम २०१५मध्ये संस्थेत ठेवणं हा शेवटचा उपाय मानला आहे आणि कुटुंबात परत पोचवणं आधीचा. पण कायदा बाजूला ठेवूनही हिशोब साधा होता. वसतिगृहात तीन मुलांवर जो खर्च होणार, त्याच्या निम्म्यात आईचं वर्षाचं भाडं आणि किराणा निघत होता. दात्याला तसं विचारलं. त्याने नकार दिला; ‘भाड्याला पैसे दिले असं कुणाला सांगणार’ असं तो मोकळेपणाने म्हणाला. त्याचा राग येत नाही. पूरग्रस्त मुलांच्या नावाने येणाऱ्या पैशाला मूल दिसायला हवं असतं, भाडेपावती नको असते.

समिती, कागद, पैसे

बाल कल्याण समिती जिल्ह्याच्या ठिकाणी, रत्नागिरीला. आई, तिन्ही मुलं, मामा, चुलता आणि शेजारीण असे सगळे गेले. तिन्ही भावंडं पुरानंतर पहिल्यांदा एकत्र आली ती एसटीत. समितीने प्रत्येक मुलाशी वेगळं बोलून, गृहभेटीचा अहवाल मागवून आदेश दिला: ताबा आईकडे, मुलांना बालसंगोपन योजनेचा (मूल संस्थेऐवजी कुटुंबात वाढावं म्हणून सरकार देतं त्या मदतीचा) लाभ, आणि ठरावीक मुदतीने पुन्हा भेट. दत्तकपत्र निरर्थक म्हणून नोंदवलं. शेजारणीला रागावलं नाही; तिचं मुलीकडे येणं-जाणं चालू ठेवावं अशी ओळ आदेशात घातली. ही ओळ घालणाऱ्या सदस्याचे आभार मानावेत तेवढे थोडे, कारण छापील नमुन्यात ‘नातेवाईक’ असा रकाना आहे, शेजाऱ्याचा नाही.

बालसंगोपनाची रक्कम तेव्हा मुलामागे महिना १,१०० रुपये होती. तिघांचे ३,३००. ती दरमहा हातात पडत नाही, साठून येते. त्यामुळे तिच्या भरवशावर भाडं ठरवता येत नाही. म्हणून अनामत आणि पहिल्या सहा महिन्यांचं भाडं गावातल्याच काही व्यापाऱ्यांनी उचललं, ज्यांची स्वतःची दुकानं गाळात गेली होती.

वडिलांच्या कोविड-मृत्यूचे कागद ही वेगळी लढाई. नगरपरिषदेतून मृत्यूचा दाखला पुन्हा मिळाला, पण कारणाच्या जागी कोविड लिहिलेलं नव्हतं. सर्वोच्च न्यायालयाने ४ ऑक्टोबर २०२१ रोजी, म्हणजे शाळा उघडल्या त्याच दिवशी, कोविडमृत्यूंसाठी ५० हजारांच्या साहाय्याला मान्यता देताना स्पष्ट केलं होतं की दाखल्यावर कोविड नाही एवढ्यावरून अर्ज नाकारता येणार नाही. चाचणी पॉझिटिव्ह आल्यापासून ३० दिवसांत मृत्यू झाला असेल तर तो धरला जातो. रिपोर्ट पाण्यात गेला होता, पण प्रयोगशाळेकडे नोंद होती. पैसे पुढच्या वर्षी आले. पुराच्या १० हजारांसाठी मात्र वर्गशिक्षिकेचं पत्र, शेजाऱ्यांचे जबाब, रुग्णालयाचं कार्ड असं सगळं जोडूनही उशीर झालाच होता, ते मिळाले नाहीत.

परत एका छपराखाली

थोरली आणि मधला नोव्हेंबरमध्ये आईकडे आले. धाकटीला तसं आणलं नाही. आधी आईच दापोलीला जाऊन शेजारणीच्या माहेरी राहिली. पहिल्या दिवशी धाकटी आईकडून जेवलीसुद्धा नाही. आठवडाभराने आईच्या कुशीत झोपली, आणि सकाळी उठून खालाकडे पळाली. दोघी बायकांना हे एकाच वेळी सोसावं लागलं, आणि दोघींनी ते एकमेकींवर काढलं नाही. पुढे शेजारीण चिपळूणच्या आपल्या घरी परतली आणि त्याच इमारतीत तिसऱ्या मजल्यावर आईला खोली मिळाली. पुरानंतर वरच्या मजल्यांना मागणी वाढली होती. शेजारणीने शब्द टाकला म्हणूनच ती मिळाली. मामाला ही व्यवस्था अजून आवडलेली नाही.

जून २०२२ जवळ आला तशी मधल्याची झोप पुन्हा उडाली. तिसऱ्या मजल्यावर राहूनही. तेव्हा त्याला घरातलं एक काम नेमून दिलं: कागदपत्रांची बरणी. घट्ट झाकणाच्या प्लास्टिकच्या बरणीत मूळ कागद, एक झेरॉक्स संच चुलत्याकडे, फोटो शेजारणीच्या फोनमध्ये. हवामान खात्याचा रेड अलर्ट आला की नदीची पातळी विचारायला फोन कुणाला करायचा हेही त्याच्याकडे. शहरात पुराचं पाणी कुठवर येतं ते दाखवणाऱ्या पूररेषा आखण्यावरून तेव्हा मोठे वाद चालले होते. निळी रेषा कुठून जाते आणि लाल कुठून हे या पोराला नगरसेवकापेक्षा चांगलं पाठ होतं. चपला माळ्यावर जाणं त्या पावसाळ्यात कमी झालं, पुरतं थांबायला आणखी एक वर्ष गेलं.

थोरली मार्च २०२३मध्ये दहावीला बसली आणि पास झाली. त्याच वर्षी बालसंगोपनाची रक्कम २,२५० झाली आणि योजनेला क्रांतिज्योती सावित्रीबाई फुले यांचं नाव मिळालं. १८ पूर्ण झाल्यावर थोरलीचा हप्ता बंद झाला, तेव्हा तिचं नर्सिंगचं शिक्षण पुरं व्हायचं होतं. फीसाठी आईने बचत गटातून कर्ज घेतलं आहे.

या प्रकरणानंतर आम्ही काही शिक्षिका आणि अंगणवाडीताईंबरोबर एक वही सुरू केली. पाणी भरलं की पहिल्या आठवड्यात पटावरच्या प्रत्येक मुलापुढे चार गोष्टी लिहायच्या: सध्या कुठल्या गावी, कुणाकडे, त्या माणसाचा फोन, आणि तिथे शाळा किंवा अंगणवाडीत नाव लागलं का. ‘कुणाकडे’च्या पुढे नातं लिहायला मुद्दाम रिकामी जागा ठेवली आहे, ठरावीक पर्याय नाहीत. तलाठी ती वही मागत नाहीत आणि मदतीच्या यादीला ती जोडताही येत नाही. तालुक्याच्या बैठकीत ती दोनदा मांडली; पंचनाम्याच्या नमुन्यात मुलांसाठी एक ओळ वाढवता येईल का, याचं उत्तर अजून यायचं आहे.